सोसायटीच्या तळ्याचा मातीचा बांध आणि डॅम इन्स्पेक्शनवाली कंपनी, माझा रिव्ह्यू (अटलांटा, नॉर्थ साइड)

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कुठे गेला ते पुढे येईलच. कंपनीचं नाव देत नाहीये कारण त्यांचं काम अजून चालू आहे आणि एचओए (घरमालकांच्या सोसायटीच्या) बोर्डाने तसं ठरवलंय, पण अशी सर्व्हिस घेताना काय बघायचं ते लिहावंसं वाटलं, कारण इकडे कमिंग, अल्फारेटा, जॉन्स क्रीककडे आपली बरीच मराठी मंडळी लेक कम्युनिटीत घरं घेतायत, "लेक व्ह्यू" वाचून खूश होतात, आणि तो लेक एका मातीच्या धरणाने अडवलेला आहे आणि त्या धरणाचे मालक आता आपण आहोत हे क्लोजिंगच्या (घर नावावर होतानाच्या) कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी लिहिलेलं असतं ते कोणीही वाचत नाही.

हो, मालक आपणच. काउंटी नाही, स्टेट नाही. अख्ख्या अमेरिकेच्या सरकारी यादीत ९० हजारांवर धरणं आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची, कुठे शेतकरी, कुठे फिशिंग क्लब, कुठे आमच्यासारखी सोसायटी. आमचं तळं मूळचं एका गुरांच्या फार्मचं, नंतर डेव्हलपरने जमीन घेतली, आजूबाजूला घरं बांधली, तळं "ॲमेनिटी" म्हणून सोसायटीच्या गळ्यात घातलं आणि निघून गेला. ड्रॉइंग नाही, मातीची टेस्ट नाही, काही नाही. धरण २४ फूट उंच, पाणी साधारण १४ एकरांवर, आणि माथ्यापर्यंत भरलं तर दीडशे एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट पाणी, साधारण १२.३ लाख लिटर, त्यामुळे हिशोब करा, साडेअठरा कोटी लिटर पाणी आणि मध्ये मातीचा ढीग ज्याच्यावर लोक सकाळी कुत्री फिरवतात.

आता ह्या सगळ्याची गरज का पडली, तर राज्याचं पत्र आलं. जॉर्जियात धरणाची उंची २५ फूट किंवा साठा १०० एकर-फूट, दोन्हीपैकी एक जरी गाठलं तरी ते राज्याच्या सेफ डॅम्स प्रोग्रामच्या कक्षेत येतं (सहा फुटांच्या आतले बांध आणि १५ एकर-फुटांच्या आतली तळी सोडून दिलेली आहेत). आमचं साठ्यामुळे आलं. मग त्यात दोन वर्ग, कॅटेगरी वन म्हणजे फुटलं तर माणसं मरण्याची शक्यता, कॅटेगरी टू म्हणजे तेवढी नाही. इतर राज्यांत हाय, सिग्निफिकंट, लो असे तीन असतात, इथे दोन. आम्ही इतकी वर्षं टू मध्ये होतो कारण खाली नुसतं रान आणि ओढा होता, आता त्या ओढ्याकाठी टाउनहाउसेस उभी राहिली आणि राज्याने कळवलं की तुमचा वर्ग परत तपासायचाय.

ह्यावर बोर्डाच्या मीटिंगमध्ये जी आरडाओरड झाली ती विचारू नका. घरं त्यांनी नंतर बांधली आणि खर्च आम्ही का करायचा, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला, मलाही पडला, आणि खरं सांगायचं तर अजूनही त्याचं उत्तर मला पटलेलं नाही. पण कायदा तसाच आहे, पाणी अडवतो त्याची जबाबदारी. आणि कायदा उगाच आलेला नाही. ६ नोव्हेंबर १९७७, इथून दीड-दोन तासांवर टोकोआला केली बार्न्स नावाचं धरण रात्री दीडच्या सुमाराला फुटलं, खाली छोटं बायबल कॉलेज होतं, ३९ माणसं गेली. ते धरणही मातीचं, चाळीस फुटांच्या आतलं, आधी दगड-लाकडाचा बंधारा मग त्याच्यावर वेळोवेळी माती चढवत नेलेली, धड डिझाइन कोणाकडेच नाही. चार वर्षं आधी, १९७३ च्या एका फोटोत खालच्या उताराची माती घसरलेली स्पष्ट दिसते. फोटो होता, वाचणारं कोणी नव्हतं. १९७८ ला जॉर्जियाचा सेफ डॅम्स ॲक्ट आला तो त्यातून.

तर सर्व्हिस. आधी आम्ही दुसरीच एक कंपनी बोलावली होती, सगळ्यात स्वस्त कोटेशनवाली. एक तरुण मुलगा आला, धरणाच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, फोनवर फोटो काढले, अर्ध्या तासात परत. रिपोर्ट आला त्यात "एकंदर स्थिती समाधानकारक, गवत वेळच्या वेळी कापावे" आणि एका पानावर चक्क दुसऱ्याच काउंटीच्या धरणाचं नाव, कॉपी-पेस्ट करताना राहून गेलेलं. पैसे दिले, रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला. राज्याला तो चालणारही नव्हता कारण कॅटेगरी वनच्या कामाला त्यांनी मान्य केलेला इंजिनियर ऑफ रेकॉर्ड लागतो. हे कोटेशन घेतानाच विचारायचं, तुम्ही त्या यादीत आहात का, इतकं साधं आहे.

दुसरी कंपनी म्हणजे ही. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले, गुडघ्यापर्यंत बूट, हातात लोखंडी सळई, आणि पहिल्यांदा माथ्यावर गेलेच नाहीत, थेट खाली पायथ्याशी उतरले. मला तिथेच बरं वाटलं. मातीच्या धरणाची सगळी भानगड पायथ्याशी दिसते, वर काय, गवत आणि बाक. पायथ्याशी एका जागी कायम चिखल असायचा, आम्ही समजत होतो स्प्रिंकलर लीक आहे, त्यांनी सळई घातली ती सरसर आत गेली. पाझर. मग ते बराच वेळ तिथे उकिडवे बसून नुसतं पाणी बघत होते. त्यांचं म्हणणं असं की मातीचं धरण झिरपतंच, न झिरपणारं मातीचं धरण नसतं, प्रश्न एवढाच की येणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ. स्वच्छ असेल तर मोजत राहा. गढूळ असेल तर ते धरणाच्या पोटातली माती घेऊन येतंय, आतल्या आत पोकळी तयार होतेय आणि ती एकदा तळ्याच्या बाजूला जाऊन भिडली की मग तासांचा खेळ. आमचं पाणी नारिंगी होतं, ते बघून बोर्डाचे प्रेसिडेंट घाबरले, पण तो रंग लोखंडाचा आणि त्यावर जगणाऱ्या बॅक्टेरियाचा, जॉर्जियाच्या लाल मातीत नेहमीचा, बाटलीत धरलं तर खाली माती बसत नव्हती. त्यांनी तिथे एक छोटा पाइप बसवून दिला आणि दर महिन्याला बादली आणि स्टॉपवॉच घेऊन किती सेकंदात भरते ते आणि त्या दिवशीची तळ्याची लेव्हल वहीत लिहायला सांगितलं. ही वही मी ठेवते, कारण मी ट्रेझरर आहे आणि आमच्याकडे कोणालाच नको असलेलं काम ट्रेझररकडे येतं.

मग झाडं. खालच्या उतारावर मोठे पाइन, एक स्वीटगम. कापा म्हणाले. ह्यावर अर्धी सोसायटी रुसली, सावली जाते, पक्षी जातात, वगैरे. पण कारण ऐकलं तर पटतं, वादळात झाड उन्मळलं की मुळांबरोबर उताराचा मोठा लचका जातो, आणि झाड मेलं की मुळं कुजून आत बोगदे राहतात. बरं, नुसतं कापूनही भागत नाही, मोठ्या झाडाची बुंध्यासकट मुळं काढून तिथे माती थर देऊन दाबून भरायची असते, ते इंजिनियरच्या देखरेखीखालीच, आपल्या लॉनवाल्याला सांगून नाही. आमच्या लॉनवाल्याने स्वतःहून ऑफर दिली होती!

उंदीर-घुशींच्या जातीतला मस्करॅट म्हणून एक प्राणी, त्याची बिळं पाण्याच्या बाजूला सापडली, आणि सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) तोंडाशी बीव्हरने काटक्या रचलेल्या. इथे मला तिवरे आठवलं. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, आणि तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं म्हणून सगळा महाराष्ट्र हसला आणि चिडला. चिडायलाच हवं होतं कारण गावकरी आधीपासून गळतीच्या तक्रारी करत होते. पण गंमत अशी की बिळं हा इथल्या इन्स्पेक्शन फॉर्मवरचा अगदी रोजचा रकाना आहे, बिळ दिसलं की नोंद, नोंद झाली की बुजवायची तारीख. बिळ करणं हे प्राण्याचं काम, ते वेळेत बघून बुजवणं हे मालकाचं काम, त्यामुळे प्राण्याचं नाव सांगून मालक सुटत नाही.

सगळ्यात वसूल झालेला पैसा म्हणजे पाइपचा कॅमेरा. तळ्यातलं जादा पाणी एका उभ्या पाइपात पडतं आणि धरणाच्या पोटातून आडव्या पाइपाने खाली ओढ्यात जातं. ते पाइप पन्हाळी पत्र्याचे, त्या काळात सगळीकडे तेच घालायचे, स्वस्त म्हणून, आणि पत्रा शेवटी पत्रा, काही दशकांत तळातून गंजतो. कॅमेरा आत सोडल्यावर स्क्रीनवर दिसलं, मधल्या भागात पाइपाच्या बुडाची चाळण झालेली, आणि एका सांध्यातून बाहेरचं पाणी आत ठिबकतंय. वरून बघून हे कधीच कळलं नसतं. पुण्याच्या माणसाला ह्यातली भीती वेगळी सांगायला नको, १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं त्यातही मूळ दुखणं धरणाच्या पोटातून जाणाऱ्या पाणी सोडायच्या नळाचंच होतं, घाईत बिनसळईच्या काँक्रीटचं केलेलं काम, ते खचलं तशी वरची माती बसत गेली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा धरून ठेवला म्हणून निदान ते दिवसाउजेडी फुटलं. माझ्या माहेरी नारायण पेठेत पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर दाखवायचे. आमचं तळं पानशेतच्या पासंगाला पुरणार नाही, पण मातीच्या पोटातला पाइप हा दोन्हीकडे तेवढाच नाजूक. उपाय म्हणून जुन्या पाइपात नवा प्लास्टिकचा पाइप सरकवून मधली फट ग्राउटने (सिमेंटच्या पातळ लगद्याने) भरायची आणि खालच्या टोकाला पाइपाभोवती वाळूचा फिल्टर करायचा, म्हणजे बाहेरून पाइपाच्या कडेकडेने पाणी आलंच तरी माती अडेल, पाणी जाईल.

आता वर्गाचा विषय, ज्यासाठी मुळात बोलावलं होतं. लोकांना वाटतं इंजिनियर धरण बघतो आणि ते धोकादायक आहे की नाही ते ठरवतो. तसं नाहीये. वर्ग ठरवताना धरण किती मजबूत आहे हे बघतच नाहीत, ते फुटलं असं गृहीत धरून खाली काय होईल एवढंच बघतात. धरणाची तब्येत हा वेगळा रकाना, समाधानकारक, बरी, वाईट, अशी. त्यामुळे कालच बांधलेलं एकदम टकाटक धरण कॅटेगरी वन असू शकतं आणि एखादं फुटायला आलेलं, रानातलं, कॅटेगरी टू. आमच्या मीटिंगमध्ये हे त्यांनी इतक्या शांतपणे आणि इतक्यांदा समजावलं की त्यासाठीच एक स्टार द्यायला हवा, कारण दर दहा मिनिटांनी कोणीतरी उठून विचारत होतं की धरण सरळ उभं आहे तर आम्हाला वाईट वर्गात का टाकताय, घरांच्या किमती पडतील. एका काकांनी तर सरळ विचारलं की तुम्हाला फी आम्ही देतोय तर टू मध्येच बसेल असं काही गणित नाही का करता येणार. नाही म्हणाले. आणि शेवटचा निर्णय तसाही राज्याचा, हे पण सांगितलं.

गणित असं की आर्मी कोअरचं (अमेरिकी लष्कराच्या इंजिनियर विभागाचं) हेक-रास नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, त्यात ओढ्याचा आकार, उतार, पूल, घरांच्या जोत्याची उंची हे सगळं घालायचं आणि धरणाला भगदाड पाडायचं, उंचीच्या दोन-तीन पट रुंद, तासाभराच्या आत पूर्ण उघडणारं. दोनदा करायचं, एकदा भर पावसात फुटलं असं आणि एकदा स्वच्छ उन्हाच्या दिवशी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, पाइपामुळे. आमच्यात ते दुसरंच जास्त वाईट निघालं, म्हणजे पाणी कमी पण सूचना शून्य. टाउनहाउसेसच्या खालच्या रांगेत तळमजल्यावर तीन फूट पाणी, पंधरा-वीस मिनिटांत. तो नकाशा स्क्रीनवर आला तेव्हा पहिल्यांदा मीटिंग गप्प झाली. तिथे राहणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नाही, कारण फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या) पूरनकाशांवर धरण फुटून येणारं पाणी दाखवलेलंच नसतं, आणि नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये पूर धरत नाहीत. त्यामुळे अशा ओढ्याकाठी घर घेणाऱ्यांनी "फ्लड झोनमध्ये नाही" एवढ्यावर सही करू नका, वर ओढ्याच्या मुळाशी कोणाचं तळं आहे ते मॅपवर बघा, सॅटेलाइट व्ह्यूमध्ये दिसतं.

तर आम्ही कॅटेगरी वन. म्हणजे परमिट, इमर्जन्सी ॲक्शन प्लॅन, आणि सांडव्याची क्षमता वाढवणं. आमच्या आकाराच्या धरणाला, साठा ५०० एकर-फुटांच्या आत आणि उंची २५ फुटांच्या आत, शास्त्रीय हिशोबाने जास्तीत जास्त जेवढा पाऊस शक्य आहे त्याच्या २५ टक्के पाऊस माथ्यावरून न वाहता सोडता आला पाहिजे. धरण मोठं तशी टक्केवारी वाढत जाते, अगदी मोठ्यांना पूर्ण १०० टक्के. आमचा गवताचा सांडवा डाव्या टोकाला आहे, कागदावर रुंद, पण प्रत्यक्षात त्याच्यात एका घराने लाकडी कुंपण आणि ट्रॅम्पोलिन टाकलेलं! कित्येक वर्षं. सांडवा आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, त्यांना ते "साइड यार्ड" वाटायचं. माथ्यावरून पाणी वाहिलं की मातीचं धरण टिकत नाही, शेजारच्या साउथ कॅरोलायनात ऑक्टोबर २०१५ च्या पावसात पन्नासच्या आसपास धरणं गेली, त्यातली बरीच अशीच, सोसायट्यांची आणि खाजगी, त्यामुळे ट्रॅम्पोलिन पहिल्याच आठवड्यात हललं. कुंपणासाठी मात्र वकिलाचं पत्र पाठवावं लागलं.

त्यांनी अजून एक पर्यायही ठेवला, जो दुसऱ्या कोणी सुचवला नव्हता, की तळंच काढून टाका, धरणाला व्यवस्थित खाच पाडून ओढा मोकळा करा. खर्च दुरुस्तीपेक्षा कमी. मत घेतलं तर तळ्याकाठची घरं विरुद्ध बाकीची घरं असा सरळ उभा तट पडला आणि काठावरचे थोडक्यात जिंकले. मी काठावर राहत नाही, माझं मत काय होतं ते कळलंच असेल.

आता एक स्टार का कापला. रिपोर्ट कबूल केलेल्या तारखेच्या बराच नंतर आला आणि मधल्या काळात ईमेलला उत्तर नाही, फोन केला की मात्र लगेच बोलायचे, म्हणजे त्या पिढीची सवय समजू शकते पण बोर्डाला लेखी लागतं. पाइपच्या कॅमेऱ्याचा खर्च मूळ कोटेशनमध्ये नव्हता, नंतर ॲड झाला, तो आधी सांगायला हवा होता कारण पत्र्याचा पाइप आहे म्हटल्यावर कॅमेरा लागणारच हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत होतं. आणि इमर्जन्सी प्लॅनच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये काउंटीच्या इमर्जन्सी ऑफिसचा नंबर बंद पडलेला होता, मी स्वतः सगळे नंबर फिरवून बघितले म्हणून कळलं. ज्या कागदाचं कामच मुळात रात्री दोनला फोन लावणं आहे त्यात नंबर चुकलेला चालत नाही, बाकी साठ पानं कितीही सुंदर असोत.

बिल पाच आकडी झालं, ब्रीच ॲनालिसिस (ते धरण फुटल्याचं गणित) धरून, दुरुस्ती वेगळी, त्यासाठी स्पेशल असेसमेंट, म्हणजे घरांवर जादा वर्गणी, बसलीय. महाग आहे का, हो. पण पहिल्या स्वस्तवाल्याच्या रिपोर्टमध्ये तो पाइप "समाधानकारक" होता.

गावाकडे कोणाच्या शेतात स्वतःचा मातीचा बांध असेल त्यांच्यासाठी एक, भारताचा २०२१ चा डॅम सेफ्टी ॲक्ट १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, किंवा १० ते १५ मीटरमधल्या काहींना, अटी पूर्ण होत असतील तर. म्हणजे आपले खाजगी छोटे बांध त्यात येतच नाहीत, कोणी पत्र पाठवणार नाही. पायथ्याचं पाणी बाटलीत धरून बघणं, बिळं बुजवणं आणि सांडव्यात काही बांधू न देणं ह्याला मात्र इंजिनियर लागत नाही.

आणि इथल्यांसाठी, कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या, राज्याच्या यादीतला इंजिनियर स्वतः साइटवर येणार का, कॅमेरा धरलाय का, आणि रिपोर्ट उशिरा आला तर फीचं काय. तिसरी आम्ही घेतली नव्हती, पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये घातलीय.